सुनीताच्या नवऱ्याला आधीच माहीत असलेली गोळी

"हिची तेवढी टेस्ट करा मॅडम. मला काय न्हाई," दत्तू दारातूनच म्हणाला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी काऊन्सेलर होते. एचआयव्हीच्या टेस्टआधी आणि रिपोर्टनंतर पेशंटशी बोलायचं, हे माझं काम. दत्तू मुंबईकडे भाजी मार्केटात हमाली करायचा. सणावारी गावी, कवठे येमाईला, यायचा. बायको सुनीता तिथं सासूजवळ. तिला सातवा महिना लागला होता.

तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी आधी तिला एकटीला सांगितलं.

"मी घर सोडून कुठं जाती? मंग मला कसं झालं?" एवढंच ती म्हणाली.

तिला विचारून दत्तूला आत बोलावलं, रिपोर्ट सांगितला. तो ओरडेल असं वाटलं होतं. पण त्यानं खाली बघत विचारलं, "कळा सुरू झाल्यावर ती गोळी देत्यात ना? मंग बाळाला औषध कवा?"

मी सावध झाले. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका कमी करायला तेव्हा प्रसूतीच्या वेळी एक गोळी देत आणि जन्मल्यावर बाळाला सिरप. पण मी अजून त्यातलं काहीच बोलले नव्हते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मार्केटात ड्रायव्हर लोकं बोलत्यात."

"ड्रायव्हर बाळंतपणाच्या गोळीचं बोलतात?"

मला पुढं खोदून विचारता येत नव्हतं. त्याची टेस्ट कुठं झाली असेल, तर ते त्यानंच सांगायचं. सुनीता मात्र त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"कवा कळलं तुम्हाला?"

तो खाली बघतच म्हणाला, "दिवस जायच्या आधी."

"आन् गप ऱ्हायलात?"

"सांगितलं असतं तर तू नांदली असतीस का?"

तेवढ्यात बाहेर थांबलेल्या सासूनं दार ढकललं. तिघांचे चेहरे बघून ती सुनेवरच घसरली. "हिनं काय आणलं? म्हैनाभर माहेरी व्हती, तवाच मला शंका आली व्हती!"

सुनीता नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या आईला तुम्ही सांगा. मी न्हाई सांगणार."

त्यानं सांगितलं. म्हातारी खाली जमिनीवरच बसली.

बाळंतपण दवाखान्यातच झालं. गोळी, सिरप, दोन्ही वेळेवर दिलं. दीड वर्षानं मुलीची टेस्ट निगेटिव्ह आली. तेव्हा सुनीताबरोबर सासू होती. दत्तू नव्हता.

आमच्या भिंतीवर तेव्हा एक पोस्टर होतं, 'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा.' सुनीता राहिलीच होती. त्यानंतर बायकांना ते पोस्टर दाखवताना मी जपून बोलू लागले.