कानामागचा रंग

नोर्लिता बालिंताय माझ्या पार्लरमध्ये आली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि तिला मी पाय दिले. म्हणजे गिऱ्हाइकांचे पाय. टाचा घासायच्या, नखं कापायची, कोमट पाण्यात लिंबू पिळून पाय बुडवून ठेवायचे. चेहऱ्याला हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं. मी काही वाईट बाई नव्हे. पण आमच्या सान लुकासच्या बायका ऐता मुलीकडून तोंड चोळून घेणार नाहीत हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर मलाही ते चाललं नसतं. आता लपवून काय करू?

ऐता म्हणजे डोंगरातली माणसं. काळी, बुटकी, कुरळ्या केसांची. ती आमच्या कितीतरी आधीपासून इथं आहेत, हे आम्ही शाळेत घोकतो आणि वर्गाबाहेर पडलो की विसरतो. ते आम्हाला ‘सरळ केसवाले’ म्हणतात, आम्ही त्यांना ‘कुरळे’ म्हणतो. आमचं म्हणणं तेवढं शिवीसारखं लागतं. पिनातुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा सरकारनं त्यांना खाली आणून पत्र्याच्या घरांत कोंबलं. नोर्लिता त्या वस्तीतच जन्मली. तिची आई तारसिया दर शनिवारी बाजारात अळकुड्या आणि केळफुलं विकायला बसते, अजूनही.

पाय घासत घासत पोरगी कॉलेज शिकली. चार वर्षांचा पर्यटनाचा कोर्स. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून पुस्तक मांडीवर ठेवायची आणि एका हातानं पान उलटायची. मी ओरडले की म्हणायची, “तिता पुरिंग, नखं काही पळून जात नाहीत.” तिता म्हणजे मावशी, सगळ्या पोरी मला तसंच म्हणतात. पदवी मिळाली त्या दिवशी तिनं पार्लरमध्ये सगळ्यांना स्वतः केलेलं पान्सित वाढलं. शेवया थोड्या चिकट झाल्या होत्या, पण आम्ही दोन-दोनदा घेतलं. मला तेव्हा अभिमान वाटला होता, अगदी पोटच्या मुलीचा वाटावा तसा.

मग नोकरीचं सुरू झालं. आमच्याकडे जाहिरातीत एक ओळ हमखास असते: प्रसन्न व्यक्तिमत्त्व आवश्यक. याचा अर्थ सगळ्यांना कळतो. गोरी, नाकेली, पाच फूट दोन इंच. नोर्लिता चार फूट दहा, आणि नाकाचं तर बोलायलाच नको. हॉटेलवाल्यानं तिला स्वागतकक्षाऐवजी धोबीखाना दाखवला. ऑलोंगापोच्या मॉलमध्ये तिला पाच महिने गोदामात ठेवलं आणि सहावा लागायच्या आत घरी पाठवलं, कारण सहावा लागला की माणूस कायम होतं. पाच महिन्यांत तिला दुकानाच्या पुढच्या भागात एकदाही उभी केली नाही. ‘कायम’ हा शब्द ती देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायची.

“तिता, माझ्यात काय कमी आहे?” तिनं एकदा विचारलं. तेव्हा ती मिसेस रोकेसच्या टाचा घासत होती.

मिसेस रोकेसनं पाय न हलवता उत्तर दिलं, “कमी नाही गं बाळ, जास्त आहे. रंग जास्त आहे.”

सगळ्या हसल्या. नोर्लिताही हसली. मी मात्र त्या संध्याकाळी तिला मागच्या खोलीत नेलं आणि क्रीमची एक पांढरी डबी तिच्या हातात दिली. डबीवर नाव नव्हतं, कंपनी नव्हती. अशा डब्या मी कपाटात ठेवायची आणि ओळखीच्या बायकांनाच द्यायची. “रोज रात्री लाव. आग होईल, ती सोसायची. साल निघेल, ती ओढायची नाही,” मी म्हटलं. भल्यासाठीच म्हटलं. माझ्या आईनंही मला लहानपणी पपईच्या गरानं घासलं होतं आणि भल्यासाठीच घासलं होतं.

वर्षभर तिनं तोंडाला, मानेला, हातांना ती क्रीम लावली. केस मी फुकट सरळ करून दिले, मागच्या खोलीत पाच तास बसवून. एका शनिवारी ती बाजारातून धावतच पार्लरमध्ये शिरली. हसू आवरेना.

“तिता! आईनं मला ओळखलंच नाही! मी समोर उभी, तर म्हणते कशी, ‘मॅडम, घ्या ना, ताज्या आहेत अळकुड्या!’ मॅडम म्हणाली मला!”

“मग? घेतल्यास की नाही?”

“अर्धा किलो!”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या दिवशी तारसियाला कसं वाटलं असेल, हे आम्हा दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

पण गोरी काही ती झाली नाही. चेहरा राखाडी पडला, गालांवर चट्टे उठले, डोळ्यांभोवती पुन्हा काळं आलं. लांबून बरी दिसायची. जवळून आजारी दिसायची. नोकरी तरीही मिळाली नाही.

त्या वर्षी फिएस्तामध्ये, म्हणजे गावच्या जत्रेत, नवी गोष्ट आली. डोंगरावर चढायला परदेशी लोक येऊ लागले होते, तेव्हा नगरसेवकाच्या बायकोनं, मॅडम एबुएननं, स्पर्धा काढली. ‘डोंगराची राणी’. ऐता वेष, ऐता नाच, शेवटी एक प्रश्न. उंचीची अट नाही. आणि जी जिंकेल तिला डोंगराच्या फाटकापाशी नवीन पर्यटन कचेरीत नोकरी. कायम.

नोर्लितानं स्पर्धेचा कागद आणून माझ्यासमोर धरला. “तिता, पर्यटन माझा विषय. नाच माझ्या आजीचा. आणि राणी ऐता हवी. सांगा, गावात दुसरं कोण आहे?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. मलाही तसंच वाटलं.

पण आणखी चौघींनी नावं दिली, आणि त्यांतली एक होती दानिका. तिचा बाप ऑस्ट्रेलियन, आई इथली. पाच फूट आठ इंच, नाक असं की चष्मा कधी घसरायचा नाही. मॅडम एबुएन तिला घेऊन माझ्याकडेच आली.

“पुरिंग, हिला काळी कर. पण बघ हं, छान काळी. घाण काळी नको.”

“आणि केस, मॅडम?”

“टोप आणलाय ना मनिलाहून. कुरळा.” मग तिनं नोर्लिताकडे हनुवटीनं खूण केली. “आणि ही आहे ना तुझ्याकडे, हिला सांग, दानिकाला तो मधमाश्यांचा नाच शिकवायला. तुम्हा लोकांना येतोच की तो, नाही का गं?”

नोर्लिता म्हणाली, “मॅडम, मी स्वतः भाग घेतेय.”

मॅडम एबुएननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सरळ केस, राखाडी तोंड. “तू? अगं, पण तू तर ऐता दिसतच नाहीस.”

ती तोंडभरून कौतुक केल्यासारखं बोलली. वर्षभर हेच शब्द ऐकायला नोर्लिता तडफडत होती, आणि ते मिळाले ते त्या दिवशी. तिनं नाच शिकवला. न शिकवून करते काय? मॅडम परीक्षकांची प्रमुख होती.

स्पर्धा एप्रिलमधल्या भर दुपारी, बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली. सकाळी मी करवंटीचा कोळसा वाटला, खोबरेल घातलं, थोडं फाउंडेशन घातलं. वाडग्यात रंग तयार झाला, पण तो बरोबर आहे की नाही ते कळेना. फार निळसर वाटत होता. दानिका खुर्चीत बसून फोनवर बोलत होती.

“नोर्लिता, इकडे ये जरा,” मी म्हटलं. तिचे केस बाजूला केले आणि उजवा कान पुढे दुमडला. कानामागे अंगठ्याएवढी जागा होती जिथं क्रीम कधी पोचली नव्हती. तिथं ती होती तशीच होती, गडद, गुळगुळीत, तेज असलेली. मी बोटानं तिथं रंगाचा ठिपका लावला, थोडं तांबडं मिसळलं, पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी ठिपका दिसेनासा झाला.

“जुळला,” मी म्हटलं आणि दानिकाला रंगवायला घेतलं. दोन तास लागले. सुंदर दिसली पोरगी, खोटं कशाला बोलू!

ती गेल्यावर नोर्लिता त्याच खुर्चीत बसली. सहा वर्षांत पहिल्यांदाच. “तिता, मलाही लावा. मी होते तशी करा.”

वाडग्यात उरलेला रंग मी तिला लावला. केस ओले करून, बारीक काड्यांना गुंडाळून कुरळे केले. आरशात ती स्वतःकडे पाहत राहिली. “आईनं आता ओळखायला हवं,” एवढंच म्हणाली.

नाचात तिच्या जवळपास कोणी नव्हतं. मधासाठी झाडावर चढणारा, धूर करणारा, माशी चावली म्हणून उडी मारणारा माणूस ती एकटी उभा करत होती. ज्यांनी तिच्याकडून टाचा घासून घेतल्या होत्या त्या बायकाही टाळ्या पिटत होत्या. दानिका दोनदा चुकली आणि गोड हसली. लोक त्यावरही खूश झाले. माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती, मांडीवर मेकअपची पेटी. मी मनात म्हटलं, मिळाली पोरीला नोकरी.

मग प्रश्न. मॅडम एबुएननं माइक घेतला. “बाकीच्या चौघींपेक्षा तुझ्यात वेगळं काय?”

नोर्लिता ताठ उभी राहिली. “मॅडम, मी नाटक करत नाही. मी खरंच ऐता आहे.”

पत्र्याखाली भट्टी पेटली होती आणि ती आत्ताच नाचून थांबली होती. घाम कपाळावरून निघाला, गालावरून उतरला, आणि त्याच्या मागे एक राखाडी पट्टा उघडा पडला. मॅडम एबुएनला तो दिसला. ती उठली, मंचावर चढली, पर्समधून कागदी रुमाल काढला आणि नोर्लिताच्या गालावर वरून खाली एकदा फिरवला. मग तो काळा रुमाल सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“खरी आहेस, तर मग रंग कशाला?”

मैदान खदखदून हसलं. शेजारी दानिका त्याच वाडग्यातला रंग लावून उभी होती आणि तीही हसत होती.

“क्रीममुळे माझा रंग गेला, मॅडम,” नोर्लिता म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

“कुठली क्रीम? कोणी दिली?”

नोर्लितानं माझ्याकडे पाहिलं. मला उठायचं होतं. उठून म्हणायचं होतं, मी दिली. ही खरी आहे, दोघींचा रंग मीच कालवला, आणि तो जुळवला हिच्याच अंगावरून. पण फिएस्ताच्या मिरवणुकीचं सगळं काम मॅडम एबुएननं मला दिलं होतं, आणि कपाटात अजून तीस डब्या होत्या. मी पेटीची कडी उघडली, पुन्हा लावली. 

“मीच आणली, मॅडम,” नोर्लिता म्हणाली. “कोणी दिली नाही.”

तेवढ्यात मागून, विक्रेत्यांच्या रांगेतून, तारसिया पुढं आली. अनवाणी, डोक्यावर टोपली. “ती माझी आहे,” ती ओरडली. “नोर्लिता माझी मुलगी आहे. मी सांगते ना!”

सूत्रसंचालकानं माइकवर हात न ठेवताच म्हटलं, “आई तर ओरिजिनल दिसतेय, मंडळी! मुलगी मात्र डुप्लिकेट!”

त्यावर जे हसू उसळलं ते मला अजून ऐकू येतं. तारसियाला नीट कळलं नाही. लोक आपल्यासाठी हसतायत असं वाटून तीही थोडी हसली. नोर्लितानं ते पाहिलं. मग ती मंचावरून उतरली आणि आईचा हात धरून बाहेर गेली.

दानिका राणी झाली. नोकरी तिनं घेतलीच नाही. दोन आठवड्यांत जाहिरातींत काम मिळालं म्हणून मनिलाला गेली. कचेरीत मॅडम एबुएनची भाची बसली, कायम. फाटकावर दानिकाचा काळ्या रंगातला, कुरळ्या टोपातला केवढा तरी मोठा फोटो लागला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या डोंगराची लेक’. त्या फोटोची सावली बरी पडते म्हणून तारसिया आता तिथंच अळकुड्या घेऊन बसते.

नोर्लिता चौथ्या दिवशी कामावर आली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं बादलीत पाणी सोडायला सुरुवात केली आणि विचारलं, “आज कोणाचे पाय आहेत?” डब्या मी नंतर फेकून दिल्या. तिला म्हटलं, आता तूही लावू नकोस. ती म्हणाली, “आता सोडून काय होऊ, तिता? डोंगरातली तरी राहिलेय का मी?”

यंदाच्या फिएस्ताला मॅडम एबुएन नवी मुलगी घेऊन आली, सतरा वर्षांची, दुधासारखी गोरी. खुर्चीत बसवली आणि म्हणाली, “पुरिंग, या वेळी रंग नोर्लिताला लावू दे. तिला बरोबर माहीत असतो.”

म्हणजे शेवटी तिला चेहरा मिळाला. सात वर्षांनी.

तिनं कोळसा वाटला, तेल घातलं, तांबडं मिसळलं. हात माझ्यापेक्षा हलका आहे तिचा. मुलगी आरशात वळून वळून बघत होती.

“खऱ्या ऐता अशाच दिसतात का हो?” तिनं विचारलं.

“अगदी अशाच,” नोर्लिता म्हणाली.

मग वाडगा घेऊन ती माझ्यापाशी आली, पाठ करून उभी राहिली आणि स्वतःच कान पुढे दुमडला. “तिता, मला दिसत नाही. जुळतोय का बघा.”

मी ठिपका लावला. जुळत होता.

“जुळतोय,” मी म्हटलं, आणि ती कामाला लागली.