सीडीतला ह्यांचा आवाज

धनी मिल्ट्रीत, वर बर्फात ड्युटी. पोरगी पोटात व्हती तवा गेलं ते परत आलंच न्हवतं, आन् आता लय दिस झालं, ना फोन ना काय. उंब्रजात आमच्या आळीचा फोन वाण्याच्या दुकानात, तितं घंटी वाजली की मी हातातलं काम टाकून दारात यायची. आन् एक दिस भाकरी थापता थापता ध्यानात आलं, मला ह्यांचा आवाजच आठवंना. तोंड आठवायचं, हसनं आठवायचं, आवाज न्हाई. हात तसाच परातीत ऱ्हायला. पोरीला काय दावू मी, निस्ता फोटू?

लग्नाची सीडी व्हती. माप वलांडताना उंबऱ्यावर ह्यांनी माझं नाव घेतल्यालं, लांबलचक, घोकून आलं व्हतं. ते त्यात असनारच. पर सीडी एकदाच बघितल्याली, भाड्यानं टीव्ही आनून, समदी आळी गोळा, त्या गलक्यात ऐकू कुनाला येतंय! घरात निस्ता टेप. सांगलीला वन्संच्या घरी कंपुटर आल्याला, त्यास्नी फोन करून सांगितलं, आवाज तेवढा टेपवर घिऊ. सीडी दुपट्यात गुंडाळली, मांडीवर सीडी, वर पोरगी, आन् येष्टीला खड्डा बसला की मी हात घालून चाचपायची, तडकली का काय.

ह्यांची थोरली भन त्या, दारातच म्हनल्या, "आवाज न्यायला आलीस व्हय? घरात असला की गप बसा म्हनून कावायचीस की त्याला!"

"आवं वन्सं, हसू नगा. काढून घेतल्यावर सीडीत ऱ्हाईल न्हवं? का संपंल?"

"घागर भरली म्हनून हीर आटती का गं?"

वन्संनी सीडी आत सरकवली. आदी ती कंपुटरात उतरवून घ्यायची, मग त्यातनं चित्र टाकून आवाज येगळा करायचा. निळी पट्टी हळूहळू सरकाय लागली. मी म्हनलं, "लाइट गेली तर वं?" त्या म्हनल्या, "तू गप बस, पोरीचा हात बटनावरनं काढ." पट्टी भरली. चित्र गेलं, आन् हिरवी वाकडीतिकडी रेघ आली, दवाखान्यात छातीची काढत्यात तशी. हाच आवाज म्हनं.

लावला तर सनई. मग शिनेमातलं गानं. मग दुसरं.

वन्संनी चित्र परत लावलं. उंबऱ्यावर ह्ये हुबं, व्हट हालत्यात, समदी हसत्यात, आन् वर गानं वाजतंय. शूटिंगवाल्यानं सुरवातीपासनं शेवटापतूर गानी घातल्याली, मामंजींनीच सांगितलं व्हतं, भरपूर घाल म्हनून. ह्यांचा आवाज त्यानं कवाच पुसल्याला. मी कंपुटरपुढंच रडाय लागले, पोरगी बी लागली.

"आगं थांब, थांब की," वन्सं म्हनल्या. रेघ बघत व्हत्या. "हितं बघ, दोन गान्यांच्या मधी बारीक झालीया."

तितं लावलं. भांडी वाजली. कोन तरी खोकलं. आन् मग ह्ये, अगदी कानापाशी: "आगं, पाय भाजत्याल, सावलीत ये की."

परत गानं.

मांडवाभाईर फोटूला हुबं केल्यालं तवाचं असनार, वैशाखातलं ऊन, पायात चपला न्हवत्या. मला त्यातलं कायबी आठवत न्हवतं. वन्संनी पदर तोंडाला लावला, मगाशी हसत व्हत्या त्या. "परत लावू का?" म्हनल्या. मी म्हनलं, "लावा." परत परत लावलं. मग वायर जोडून तेवढंच टेपवर घेतलं, एकामागं एक, एकामागं एक, कॅसेटची बाजू भरस्तवर.

घरी आल्यावर कॅसेट झिजंल म्हनून मी दिसातनं एकदाच लावायची. लावली की पोरगी टेपकडं न्हाई, दाराकडं बघायची. तिचं बघून मी बी.