शॅम्पेनची तीन सालं

माझा धाकटा भाऊ परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना वाइन निवडून देतो. हे नेमकं काय काम आहे, हे अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. एका मामीने तर मला भर पंगतीत ऐकवलं, "दारूच्या दुकानात हाये म्हण ना सरळ." मी म्हटलं, तसंच समजा आणि भात वाढा.

सुट्टीवर येताना तो कधी कधी एखादी बाटली आणायचा. अशा तीन जमल्या. तिन्ही एकाच नामांकित कारखान्याच्या शॅम्पेनच्या, पण तीन वेगवेगळ्या सालांच्या. साधी शॅम्पेन बऱ्याच सालांचा माल एकत्र करून बनवतात, पण द्राक्षं खरोखर उत्तम आली की त्या एकाच सालाची वेगळी भरतात आणि वर साल छापतात, असं त्याने आमच्या वडिलांना, बाबूजींना, सांगितलं होतं. बाबूजींना ते एका झटक्यात पटलं. आमच्या घरी तांदळाचंही तसंच आहे. एका सालचं धान दुसऱ्या सालच्या धानात ते मिसळू देत नाहीत. नवा तांदूळ चिकट होतो म्हणून घरच्यांनी खायचा, मुरलेला जुना तांदूळ पाहुण्यांसाठी. पहिल्या घासाला ते हा कोणत्या सालचा ते सांगतात, आणि चुकले तरी त्यांना चुकलात म्हणायची कोणाची टाप नाही.

"म्हंजे जेवढी जुनी तेवढी चांगली," बाबूजी म्हणाले होते.

"हो, साधारण तसंच," असं घाईत म्हणून, बाटल्या सांभाळून ठेवायला सांगून भाऊ निघून गेला. बाबूजी दारूला शिवत नाहीत आणि माझ्या सासरी तर विषयच नको, त्यामुळे बाटल्या तशाच राहिल्या.

मग भावाला तो साथीचा ताप आला आणि त्याचं नाक गेलं. काही महिने कशालाच वास नव्हता. नंतर वास परतला, पण उलटासुलटा. कॉफीला जळक्या टायरचा वास, साबणाला मासळीचा. ज्याचं पोट नाकावर चालतं त्याची ही गत. हॉटेलने त्याला रजा दिली आणि तो गावी आला. आल्यापासून तो सगळं हुंगत फिरायचा. कोथिंबीर, रॉकेल, गोठा, माझा धुतलेला पदरसुद्धा. मी सासरहून, गोंदियाहून, दर रविवारी जायचे. एकदा वैतागून म्हटलं, "कुत्र्यावानी काय हुंगून राहिला?" तो हसला नाही. "ताई, वास येते. पण जो येते तोच हाये का, हे कसं समजू?"

बाबूजी मात्र त्या महिन्यांत पुन्हा माणसात आले होते. आई गेल्यापासून ते उभ्याउभ्याच जेवून घ्यायचे. आता ताट मांडून मुलाची वाट पाहायचे. बांधाजवळच्या तुकड्यात काय लावायचं हे त्याला विचारायचे. तू राहा, असं एकदाही म्हणाले नाहीत. पण मला दिसत होतं.

पौषात हॉटेलचा निरोप आला. परत येऊन चव आणि वासाची परीक्षा द्यायची असेल तर कळव, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. भावाने ठरवलं की आधी घरीच परीक्षा घ्यायची. या तीन सालांची शॅम्पेन त्याने हॉटेलात कितीदा तरी चाखली होती. सगळ्यांत जुन्या सालाला भाजलेल्या पावाचा वास, मधल्या सालाला ऊन फार पडलं म्हणून पिकल्या फळाचा, आणि धाकट्या सालाला लिंबाच्या सालीचा. हे तीन वास वेगवेगळे आले तर जायचं. नाही आले तर इथंच राहायचं. हे त्याने बाबूजींसमोरच सांगितलं.

रविवारी दुपारी बाबूजींनी बाटल्या पुसून आणून दिल्या. फ्रिजमध्ये ताकाच्या पातेल्याशेजारी त्या गार केल्या. काचेचे ग्लास घरात नव्हते म्हणून स्टीलचे तीन पेले घेतले. भावाने बुचं अलगद काढली, आवाजही होऊ दिला नाही. पेल्यात बुडबुडे जेमतेमच दिसले. त्याने पहिला पेला नाकाशी नेला, मग दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. घोट घेऊन पाहिले. त्याचा चेहरा उतरत गेला.

"तिन्ही सारख्याच," तो म्हणाला. "आन जो वास येऊन राहिला, तो शॅम्पेनचा नाहीच." कसला येतो ते त्याने सांगितलं नाही. पेला खाली ठेवून तो भिंतीला टेकून बसला. मीही हुंगून पाहिलं, पण मला शॅम्पेन कशी असावी हेच ठाऊक नाही. मला ती नुसती दारू वाटली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं आणि ठेवता आला नाही.

बाबूजी उंबऱ्यावर बसले होते. ते उठून आले, एकेक पेला उचलून सावकाश हुंगला आणि खाली ठेवला. प्यायले नाहीत.

"तिन्हींले वाळल्या मोहाचा वास हाये," ते म्हणाले. "आन गुळाचा पाक लागल्यावर येते तसा."

भाऊ ताडकन सरळ बसला. "काय म्हणाले? पुन्हा सांगा."

"मोहफुलं. अंगणात वाळत घालते, तशी."

"मलेही तोच येऊन राहिला," भाऊ म्हणाला. "मी म्हटलं पौषात मोह कुठला, तो तं चैत्रात फुलते. नाकच खोटं बोलून राहिलं." मग त्याने विचारलं, "बाबूजी, बाटल्या ठेवल्या कुठं होत्या?"

"कोठीत. धानात उभ्या पुरून. तांदूळ तिथंच मुरते ना."

कोठी टिनाच्या पत्र्याखाली आहे. आमच्याकडच्या मे महिन्यात त्या खोलीत मांजरही टिकत नाही. उष्णतेने शॅम्पेन अशीच बिघडते, फळाचा वास जाऊन तो असा गोडसर करपट होतो, हे भावाने आम्हाला सांगितलं. दुसऱ्या कोणाची बाटली असती तर त्याने पहिल्या हुंगण्यातच ओळखलं असतं. स्वतःच्या नाकाची धास्ती इतकी होती की बाटलीवर संशय घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

"म्हंजे मी खराब केल्या," बाबूजी म्हणाले.

"पार सत्यानाश केला," भाऊ म्हणाला, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. बाबूजी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.

परीक्षेला येतो असं हॉटेलला कळवायला तो फोन घेऊन अंगणात गेला. रेंज चिंचेखालीच येते. आम्ही दोघंच उरलो. मला राहवलं नाही. तो एवढा खचून भिंतीला टेकला होता, मन मारून इथंच राहिला असता. बाबूजींनी पेल्यांना हातही लावला नसता तरी कोणाला काही कळलं नसतं.

"वास ओळखला तर तो जाईन, हे तुम्हाले समजलं नव्हतं का?" मी विचारलं.

"समजलं होतं," बाबूजी म्हणाले. "पण पोराचं नाक चांगलं हाये. खोटं कायले बोलू?"