आयरिश जोडप्याला वन्स मोअर

मी भलत्याच ठिकाणी वन्स मोअर दिला. नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस मी. पद रंगलं की ते तोंडातून सुटतंच.

दुबईत आमच्या साहेबांनी घरी मैफल ठेवली होती. आयर्लंडचं एक जोडपं त्यांच्याकडचं जुनं संगीत वाजवत होतं. ती फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि तो बासरी. मला कळत काहीच नव्हतं, म्हणून मान जरा जास्तच डोलावत होतो. प्रत्येक धून सुरू करण्याआधी तो तिच्याकडे बघायचा. ती मात्र त्याच्या बुटाकडे बघून ठेका पकडायची. मला वाटलं, इतक्या वर्षांनीही काय हे लाजणं!

शेवटी तो म्हणाला, "ही आमच्या लग्नातली धून." ती वाजवून होताच तिने फिडल पेटीत ठेवून खटका लावला. मी ओरडलो, "वन्स मोअर!" मग साहेबांसकट सगळेच ओरडले. तिने पेटी पुन्हा उघडली. या खेपेला त्याचा श्वास मध्येच तुटला आणि बासरी मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. धून तिने एकटीने संपवली, वर न बघता.

जेवताना मी तिला म्हणालो, "काय जोडी आहे तुमची! मेड फॉर ईच अदर!"

"उद्या मी कायमची परत चाललेय. तो इथेच राहणार," ती समोसा मोडत म्हणाली. "निरोप नीट झाला होता. तुम्ही पुन्हा घ्यायला लावलात."

करामा भागात आमच्या घराखाली गाडी थांबली. उतरताना बायको म्हणाली, "लोकांच्या घटस्फोटाला वन्स मोअर देणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता!"