मसुरीची मसूर

बातमी आली तेव्हा मी उन्हात पाय सोडून बसले होते, डोक्याला खोबरेल लावत. देऊळघाटहून पुतण्याचा फोन. "काकू, आई गेली..." एवढं बोलून तो थांबला. अशा वेळी माणसाच्या तोंडी देवाचं नाव यावं. माझ्या मनात काय आलं? 'घ्या! हीच पुन्हा माझ्या आधी गेली!' ऐंशी ओलांडलेल्या बाईला हे शोभत नाही, पण आलं ते आलं. अनसूयाबाई माझी थोरली जाऊ. जिथे जायचं तिथे तिने आधी जायचं आणि मी मागे राहून जळायचं, हा आमच्या घरातला ठरलेला कारभार होता. आता महिना उलटला. रडून झालं, भेटायला येणारे येऊन गेले. जळणं तेवढं शिल्लक आहे, म्हणून लिहायला बसले.

तिच्या नावाचा अर्थ मला गावातल्या एका गुरुजींनी सांगितला होता. जिच्या मनात असूया नाही ती अनसूया. मी म्हटलं, "बरोबर हाय गुरुजी. तिच्या वाट्याची सारी माह्याकडे आली." ते हसले, पण मी खरं तेच सांगितलं होतं. मी अमडापूरची. लग्न होऊन देऊळघाटला आले तेव्हा नाकावर राग होता, कानात बुगड्या होत्या आणि अक्कल अजून माहेराहून यायची होती. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला बांधलेला, मोठे साहेब नागपुरात बसत. पण उन्हाळा तापला की खालच्या मुलखातले लोक हवा खायला घाट चढून आमच्या बुलढाण्याला येत, याचा मला भारी तोरा. जगातलं सगळ्यात थंड गाव आपल्या शेजारी आहे, अशी माझी पक्की समजूत. अनसूयाबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी. तिची भाकर टम्म फुगायची, माझीला भोक पडायचं. सासूबाईंना तिच्या हातचं पाणीसुद्धा गोड लागायचं. एवढ्यावर भागलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण तिला जंगल खात्यात नोकरी लागलेला एक भाऊ होता, आणि सरकारने त्याला शिकायला देहरादूनला धाडलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याने बहिणीला आणि मेहुण्यांना बोलावलं. देहरादूनला येऊन मग वर मसुरीला जायचं, थंड हवेत राहायचं, हिमालय बघायचा...

सासूबाईंना कमी ऐकू यायचं. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "माय, मसुरीले जाऊन राह्यलो आमी!"

सासूबाई पाहतच राहिल्या. "मसूर आणाले एवढ्या दूर काऊन जाता रे? अमडापूरच्या बजारात भेटत नाही का?"

सगळं घर हसून लोळलं. मी हसले नाही, माझ्या पोटात निखारा पडला होता. अनसूयाबाई ट्रंकेत लुगडी घालत होती. तिच्याकडे पाहत मी सासूबाईंना अगदी गुळातल्या आवाजात म्हटलं, "तिथली मसूर लय चांगली असते म्हणतात आत्याबाई." मग तिला, "बाई, येतांना मले पायलीभर आणजा बरं."

तिने वर पाहिलं. "आणीन," म्हणाली, आणि लुगडी घालू लागली.

त्यांची बैलांची दमणी मलकापूरच्या ठेसनाकडे गेली आणि मी आमच्या ह्यांच्याशी बोलणं सोडलं. दोन दिवसांनी ते म्हणाले, "अवं, बुलढाणं का गरम हाय? चाल, तुले हिमालय दाखवतो." बैलांच्या खाचरात बसवून त्यांनी मला राजूर घाटाच्या तोंडाशी नेलं. खाली पाहिलं तर वाळलेली पळसं, धूळ आणि दगडावर बसून एकमेकांच्या उवा बघणारी माकडं. "हा पाह्य तुहा हिमालय," हे म्हणाले. आता माझा शहाणपणा ऐका. थंड हवेच्या जागी शाल पांघरतात एवढं मला ऐकून ठाऊक होतं, म्हणून वैशाखाच्या उन्हात मी लग्नातली लोकरी शाल डोक्यावरून घेऊन बसले होते. घामाने बुगड्या भिजल्या. घाटातला चौकीदार जवळ आला, मला निरखून पाहिलं आणि ह्यांना हळूच म्हणाला, "पाटील, बाईसाहेबाले ताप हाय का?"

"हाव," हे म्हणाले, "मसुरीचा हाय."

ती दोघं परत आली त्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या बाया आमच्या ओसरीवर. मधोमध अनसूयाबाई. एरवी तोंडातून शब्द काढायला जड जाणारी ती बाई त्या दिवशी अशी उकलली की विचारू नका. बस डोंगराला गुंडाळून गुंडाळून कशी चढते, वर मोटर थांबली की पुढे दांडीत कसं बसतात... दांडी म्हणजे खुर्चीसारखी डोली, चार माणसं ती खांद्यावर घेऊन चढ चढतात. सासूबाई दचकल्या. "जित्त्या माणसाले चौघांच्या खांद्यावर? शिव शिव!" गोरी माणसं पायाला चाकं बांधून लाकडी फरशीवर घसरतात, हे ऐकून त्यांनी विचारलं, "काऊन? चालता येत नाही का त्याहिले?" एक डोंगर म्हणे बसलेल्या उंटासारखा, त्याच्या पाठीवरून रस्ता. केम्प्टीचा धबधबा, त्याचे शिंतोडे दूर उभं राहिलं तरी अंगावर येतात. मी खांबाला टेकून 'शेगावात खरा उंट पाह्यला हाय मी' असं काहीबाही पुटपुटत होते, पण ऐकतं कोण? शेवटी तिने हिमालय काढला. "काय सांगू माय... जिनात सरकी काढलेल्या कापसाचा ढीग असते ना, तसा. आभाळाले भिडलेला. एवढा जवळ, की वाटे हात घालावा अन् मूठभर घ्यावा." बायांनी हात जोडले. मला मात्र ऊन लागल्यासारखं झालं.

मग ती उठली, ट्रंक उघडली आणि पत्र्याचा एक चौकोनी डबा माझ्यापुढे ठेवला. विलायती बिस्किटांचा डबा, झाकणावर रंगीत चित्र. आत मसूर.

"घे, तुही मसूर."

मला वाटलं, हिने सगळ्यांदेखत माझं नाक कापलं. आमच्या घरी वरण तुरीचंच. तरी दुसऱ्या दिवशी मी तिची मसूर शिजवली, मुद्दाम डोळ्यांतून पाणी येईल इतकं तिखट घालून. कोणी खाल्ली नाही. ती एकटी दोनदा वाढून घेऊन म्हणाली, "मसुरीची आठवण आली वं!" त्यानंतर तो डबा माझ्या फळीवरच राहिला. भुंगे लागले की जुनी मसूर कोंबड्यांना, डब्यात नवी. आणि घरात मसुरीचा विषय निघाला, जो दर पाहुण्यापुढे निघायचाच, की मी उठून त्या रात्री मसूरच शिजवायची. तिचा हिमालय दरवर्षी थोडा वाढायचा. माझी मसूर दरवर्षी थोडी तिखट व्हायची. सासूबाई गेल्या, भासरे गेले, आमचे हे गेले, वऱ्हाड कुठल्या राज्यातून कुठल्या राज्यात गेला. आमचं हे चालूच.

चाळीसेक वर्षांनी माझ्या लेकीने मला मसुरीला नेलं. दिवाळीनंतरचे दिवस. लोकांना वाटलं, म्हातारी देवदर्शनाला निघाली. मी झडती घ्यायला निघाले होते. दांड्या आता नव्हत्या. माणसं झुलत्या डब्यात बसून तारेवरून टेकडीवर जात, मीही डोळे मिटून गेले. उंटाचा डोंगर पाहिला. उंटासारखा आहे, मेला. केम्प्टीला शिंतोडे आले. जावयाने मला पहाडी बाईचा घागरा घालून फोटो काढायला लावला, त्यात मी भाड्याने आणलेल्या नवरीसारखी दिसते. मग लाल टिब्बा नावाच्या तिथल्या उंच टेकडीवर गेलो. आभाळ स्वच्छ होतं. लेक म्हणाली, "आई, तो बघ हिमालय." मी शोधतेय, शोधतेय... एकामागून एक निळे डोंगर, आणि त्या साऱ्यांच्या पार पलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखी एक पांढरी पट्टी. दुर्बिणीतून पाहिलं तरी धोतरच, जरा रुंद पन्ह्याचं. मी लेकीला विचारलं, "याहून जवळून कुठून दिसतो का गं?" ती म्हणाली, "या गावातून तरी नाही." आणि माझ्या पोटात चाळीस वर्षं पेटलेला निखारा एकदम फुलबाजीसारखा तडतडला. कापसाचा ढीग! हात घालावा इतका जवळ! या बाईने हिमालय पाहिलाच नाही! खरं सांगते, समोर हिमालय उभा होता आणि मला कधी एकदा देऊळघाटला पोचते असं झालं होतं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अनसूयाबाई माझ्या स्वयंपाकघरात आली, मेथीची जुडी घेऊन. सुना, शेजारणी, नातवंडं सगळी होती. याहून चांगला मुहूर्त नव्हता. मी आवाज खणखणीत काढला, "बाई, तुमी हिमालय कोणत्या टेकडीवरून पाह्यला हो?"

"मी कुठी पाह्यला?" ती मेथी निवडत म्हणाली.

वाटभर मी भाषण पाठ केलं होतं, त्यात हे उत्तर कुठेच नव्हतं.

"आमी होतो तवा सारे दिवस धुकं होतं वं. निघाच्या दिवशी सकाळी तेवढं उघडलं. हे अन् भाऊ टिब्ब्यावर पळाले. मी लंढोरच्या बजारात गेली."

"बजारात काऊन?"

"मसूर घ्याले. तूच त सांगतलं होतं. लवकर भेटेचना. भेटली तवा आभाळ पुन्हा भरून आलं."

तिने मेथीची पुढची काडी मोडली.

"मस्करी होती हो बाई ती माही!"

"असंल. पण लगन होऊन आली तवापासून तू पहिल्यांदाच काही मागतलं होतं."

"मग एवढी वर्षं कापसाचा ढीग, कापसाचा ढीग... ते कुठून आणलं?"

तिने नुसती हनुवटी वर केली. फळीवर डबा होता. झाकणावरच्या चित्रात विलायतेतला कुठला तरी बर्फाचा डोंगर, पांढराशुभ्र, फुगलेला, झाकणाच्या कडेपर्यंत आलेला. तिचा हिमालय इतकी वर्षं माझ्याच फळीवर बसला होता, आणि भुंगे काढायला मी त्याच्यावर हात आपटत होते.

"पहिल्या दिवशी सहज बोलली," ती म्हणाली. "पण तू अशी जळाले लागली... तू जळली का मलेबी वाटे, पाह्यला असंल मी हिमालय."

आता सांगा, अशा बाईपुढे कोणी काय करावं? हातात आलेला विजय, समोर भरलेली सभा, आणि मी पुन्हा हरलेली. भाकरीवर जळले, दांडीवर जळले, हिमालयावर जळले. आता तिच्या चांगुलपणावर जळायची पाळी आली होती. मी रागानेच तिच्या हातातली जुडी ओढून घेतली. ती म्हणाली, "बरं, तू त पाह्यला. कसा हाय सांग." मी सांगितलं. निळे डोंगर, पांढरी पट्टी, दोरीवरचं धोतर... तिने तोंड वाकडं केलं. "छ्या! माहाच चांगला होता."

देऊळघाटच्या दारातून तिला चौघांनी खांद्यावर उचललं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, पुन्हा दांडीत बसल्या!" शेजारच्या बायांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मला तेवढ्यातही वाटलं, मी एकदाही बसले नाही आणि हिची ही दुसरी खेप...

तो डबा आता बुलढाण्याला माझ्या लेकाच्या घरी, माझ्या उशाशी आहे. झाकणावरचा डोंगर जागोजाग गंजलाय. परवा सून म्हणाली, "आई, ही मसूर टाकून देऊ का? घरात कोणी खात नाही." मी म्हटलं, "राहू दे. ती मसुरीची आहे." खरं म्हणजे ती कोपऱ्यावरच्या दुकानातली आहे, सुनेनेच आणलेली. पण तिने डबा खाली ठेवला.

या वेळी अनसूयाबाई निघाली तेव्हा मी तिला काहीच आणायला सांगितलं नाही. कुठल्या बाजारात अडकू नकोस बाई, सकाळ उघडली की आधी टिब्ब्यावर जा. आणि मग कधी स्वप्नात येऊन सांग, हवं तेवढं वाढवून सांग. मी जळायला बसलेलीच आहे.