सासूबाईंचं कालवण आणि माझी रांग

जावयाला कुणी रागवत नाही, हा जावयाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्रास आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथला कारखान्यात, बिऱ्हाड बदलापूरला कात्रपमध्ये आणि लग्नाला जेमतेम तीन महिने. बायकोचं, म्हणजे शैलाचं, माहेर समुद्राकाठच्या एका लहानशा गावात. तिथे खाद्यमहोत्सव होता, म्हणून आम्ही दोघं गेलो. मी खायला गेलो होतो. सासूबाईंच्या दृष्टीने मात्र तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता. गुडघे गेल्यामुळे सासऱ्यांनी होडी विकली होती. धक्क्यावरची चहा-जेवणाची खोली चालवायला कुणाला द्यायची, ते गावची समिती महोत्सवात हाताची चव बघून ठरवणार होती. ती खोली मिळाली तर घर उभं राहणार होतं.

सासूबाईंनी कोळंबीचं कालवण केलं. ते होतं आठ-दहा वाट्या, पण पातेलं घेतलं भलंमोठं (लहान पातेल्याला झाकण नव्हतं). मैदानात ही गर्दी! नाव नोंदवायला जाताना त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, जरा पातेल्यावर नजर ठेवा." तीन महिन्यांत त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. माझी छाती फुगली.

मी चारी बाजूंना पाहिलं, तर भिंतीकडेला पातेली, हंडे, कळश्या, डबे यांची शिस्तीत रांग लागलेली आणि जवळ एकही माणूस नाही. इथे मला माझं कात्रप आठवलं. आमच्या इमारतीत पाणी यायचं चाळीस मिनिटं, आणि नळापुढे माणसं नाही, भांडी उभी राहायची. भांडं रांगेत लावून माणसाने खुशाल दाढी करावी, नंबर कुठे जात नाही. ही स्पर्धेचीच रांग, असं ठरवून मी पातेलं दोन हंड्यांच्या मधे सरकवलं आणि बोंबील खायला गेलो.

ती रांग टँकरची होती.

मी चौथ्या बोंबलावर असताना टँकर आला. बायकांनी भराभर सगळी झाकणं उडवली. 'आधी माझं, आधी माझं' सुरू झालं. टँकरवाल्याचं लक्ष भांड्यांत नव्हतं, भांडणात होतं. पाइप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरला, आणि मी धावत पोचलो तेव्हा आमचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. वर दोन कोळंब्या निवांत तरंगत होत्या.

मग सगळे रागावले. माझ्यावर नव्हे! सासरे टँकरवाल्यावर, सासूबाई शैलावर ("तुला अक्कल नाय? पाव्हण्यांच्या गळ्यात पातेला टाकून कुठं गेलीस?"), शैला पाइपावर. माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची आणली आणि वर सरबत दिलं. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परीक्षक येऊन गेले, भरलेल्या पापलेटाचा पहिला नंबर आला. सासूबाई पातेल्याशेजारी खालीच बसल्या. तेव्हा मात्र मला खरोखर रडू आलं. सरबताचा ग्लास हातात तसाच राहिला.

दोन मिनिटांनी त्या उठल्या. शेजारच्या दुकानातून स्टोव्ह आणला. ठेचलेला लसूण, चिंच, होता नव्हता तो मसाला, उरलेलं खोबरं आणि तांदळाच्या पिठाची पेज असं सगळं पातेल्यात गेलं. रस्सा उकळायला लागला आणि वास मैदानभर पसरला. तोवर दिवस कलला होता, बहुतेक दुकानांतलं संपलं होतं आणि गर्दी तशीच भुकेली होती. लोक वळले ते आमच्याकडेच. सासऱ्यांनी भात मिळवला. वाढायला हात कमी पडायला लागले तेव्हा मी पळी उचलली. "जावई वाढणार?" असं सासरे हळूच म्हणाले, पण समोरची रांग बघून त्यांनीच मला दुसरी पळी दिली.

पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा समितीचे म्हातारे अध्यक्ष तिसरी वाटी भुरकत होते. नंबर देऊन झाला, तो आता बदलत नाही, असं त्यांनी आधी स्पष्ट केलं. पण एका पातेल्यात अख्ख्या मैदानाला जेवू घालणारी बाई धक्क्यावरची खोली नक्की चालवेल, म्हणून खोली सासूबाईंना. सासऱ्यांनी डोळे पुसले. शैलाने माझा हात एवढा दाबला की पळी पडली.

अध्यक्षांना एकच शंका उरली होती. "रस्सा पातळ, तरी चव अशी. यात पाणी किती घालता तुम्ही?"

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"ता आमच्या जावयांना इचारा. पानी त्यांच्याच हातचा हाय."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. आता खोटं बोलून काय उपयोग?

"टँकर संपेपर्यंत," मी म्हणालो.