रक्त न देता परत आलो तो दिवस

या विषयावर लिहिण्याइतकी माझी समज नाही, घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. चुकलं तर माफ करा. पण स्पिरिटचा वास आला की कोल्हारच्या रक्तदान शिबिराचा तापलेला मांडव आठवतो. मी तेव्हा एम.ए.ला होतो. आठवड्यापूर्वी, जिच्याशी माझे संबंध आले होते त्या मैत्रिणीने रडत सांगितलं होतं, की तिच्या आधीच्या मित्राला एचआयव्ही निघालाय. दवाखान्यात कोणी ओळखीचं भेटेल या भीतीने मी ठरवलं, रक्त देऊ, तपासणी आपोआप होईल. दंडाला पट्टा बांधता बांधता सिस्टरने नेहमीचे प्रश्न विचारले आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना; मैत्रिणीचं सगळं सांगून टाकलं. तिने पट्टा सोडला. “आरं बाळा, लागन नवी असली तर तपासनीत लगेच दिसत न्हाई. तुझी पिशवी एखाद्या बाळंतिनीला चढली असती मंजी?” मी बाही खाली ओढली. “सरकारी दवाखान्यात जा, तीन महिन्यांनी परत तपास, अन् तिलाबी सांग.” बाहेर मित्र ओरडले, “सुईला भ्याला रे पैलवान!” मी कसाबसा हसलो. संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर सगळं सांगितलं, तूही तपासून घे म्हणालो. त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही. सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या रिपोर्टसारखा तीन महिन्यांनी माझा दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला, तरी तिच्या काळजीने झोप लागत नसे. इतक्या वर्षांनी, परवा तिचा निरोप आला: “तू सांगितलंस म्हणून तपासलं. पॉझिटिव्ह निघाले. गोळ्या चालू आहेत, तब्येत चांगली आहे.”